घरगुती संगणक आणि कचेरीचे काम

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या आपल्या संगणक-प्रणालीला दिला जाणारा नियमित आधार थांबवला. २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आलेल्या या प्रणालीने दहा वर्षे सेवा केली. ज्यांना तत्काळ बदल शक्य नव्हता अशा घरगुती ग्राहकांना कंपनीने ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्यांची मुदतवाढ देऊ केली, परंतु ती केवळ सवलत होती. नव्या ‘विंडोज ११’ला यंत्रात टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी अलीकडचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगल्या स्थितीत असलेली असंख्य यंत्रे एकाएकी ‘जुनी’ ठरली. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या मध्यमवर्गीय वस्तीत घरटी एक संगणक आता नवलाचा राहिलेला नाही. तो बदलण्याची वेळ आलेल्या शिक्षकाला, कारकुनाला किंवा विद्यार्थ्याला दुकानात पाऊल टाकताच एक प्रश्न विचारला जातो : ‘होम’ हवे की ‘प्रो’? या प्रश्नाचे उत्तर बहुधा विक्रेताच देऊन टाकतो. वस्तुतः हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. त्यात काही हजार रुपये तर गुंतलेले आहेतच, पण घर आणि कचेरी यांच्या सीमा कोणी आखायच्या आणि त्यांचा खर्च कोणी सोसायचा, हा त्याहून मोठा प्रश्नही त्यात दडलेला आहे.

प्रथम नावांचा घोटाळा दूर केला पाहिजे. ‘घरगुती’ आणि ‘व्यावसायिक’ हे शब्द आपल्याकडे गॅसच्या टाकीमुळे आणि विजेच्या देयकामुळे परिचित झालेले आहेत. १४.२ किलोची घरगुती टाकी उपाहारगृहात वापरणे हा गुन्हा आहे, व्यवसायासाठी १९ किलोची टाकी वेगळ्या दराने घ्यावी लागते. विजेचेही तसेच. साहजिकच ‘होम’ आवृत्तीवर शिकवणीचे हिशेब लिहिले किंवा कचेरीचे टिपण तयार केले तर नियमभंग होईल, असा समज अनेकांच्या मनात असतो आणि काही विक्रेते तो दूर करण्याची घाई करीत नाहीत. हा समज चुकीचा आहे. ‘विंडोज होम’च्या करारात त्या यंत्रावर अर्थार्जनाचे काम करू नये असे कोणतेही बंधन नाही. शिकवणीचे वर्ग चालवणारी शिक्षिका, घरी बसून हिशेब लिहिणारा कारकून, भाषांतरे करणारा विद्यार्थी यांनी ‘होम’ वापरणे पूर्णपणे वैध आहे. असे बंधन आढळते ते अन्यत्र. ‘ऑफिस होम अँड स्टुडंट’ या नावाने विकल्या गेलेल्या २०१९ च्या लेखन-हिशेबाच्या संचाचा करार व्यावसायिक वापरास मनाई करतो. तेव्हा ज्याची चिंता करावी त्याची चिंता होत नाही आणि ज्याची करण्याचे कारण नाही त्यासाठी पैसे मोजले जातात, असा हा प्रकार आहे.

एकच इंजिन, दोन वर्ग

या दोन आवृत्त्यांचा इतिहासही बोधप्रद आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत घरासाठी ‘विंडोज ९५’ आणि ‘विंडोज ९८’, तर कचेरीसाठी ‘विंडोज एनटी’ आणि पुढे ‘विंडोज २०००’ अशा दोन निराळ्या प्रणाली होत्या. त्यांचा पायाच वेगळा होता. कचेरीची प्रणाली अधिक भक्कम असे आणि तिचे जादा मोल समजण्यासारखे होते. २५ ऑक्टोबर २००१ रोजी ‘विंडोज एक्सपी’ आली आणि हा भेद मिटला. एनटीच्या भक्कम पायावरच आता ‘होम एडिशन’ आणि ‘प्रोफेशनल’ या दोन्ही आवृत्त्या उभ्या राहिल्या. अमेरिकेत पहिलीची पूर्ण किंमत १९९ डॉलर होती आणि दुसरीची २९९ डॉलर. पाया एक झाला, तरी किमतीतील अंतर राहिले. २००७ साली सर्वसामान्यांच्या हाती आलेल्या ‘व्हिस्टा’ने तर आवृत्त्यांची संख्या सहावर नेली आणि ग्राहकाची मती गुंग करून सोडली. पुढे ही संख्या पुन्हा आटोक्यात आली. आज दुकानात गिऱ्हाइकापुढे येतात त्या मुख्यतः दोनच : ‘होम’ आणि ‘प्रो’.

आजही या दोहोंचा गाभा एकच आहे. त्यांचा वेग एक, विषाणूंपासून रक्षण करणारी ‘डिफेंडर’ची व्यवस्था एक, दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या एक आणि ‘विंडोज ११’च्या प्रत्येक वार्षिक आवृत्तीला मिळणारा चोवीस महिन्यांचा आधारही दोघांना सारखाच. ‘प्रो’ घेतल्याने यंत्र जलद चालते ही समजूत निराधार आहे. ‘होम’चे ‘प्रो’ करायचे झाले तर नवी प्रणाली मुळापासून बसवावी लागत नाही. पैसे भरून मिळालेल्या किल्लीचे आकडे टंकले की काम होते. अमेरिकेतील दरपत्रकात या किल्लीची किंमत ९९ डॉलर आहे. याचा अर्थ उघड आहे. ग्राहक जादा पैसे देतो ते बव्हंशी नवी वस्तू मिळवण्यासाठी नव्हे, तर आपल्याच घरातल्या बंद खोलीचे कुलूप उघडण्यासाठी देतो.

अर्थशास्त्राला हा व्यवहार नवा नाही. फ्रान्समधील अभियंता व अर्थशास्त्रज्ञ ज्यूल द्यूपुई याने १८४९ साली, म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावण्याच्या चार वर्षे आधी, रेल्वे कंपन्यांच्या एका रिवाजाचे मर्म उलगडून दाखवले होते. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसे. ते छपराचा खर्च वाचवण्यासाठी नव्हे, तर ज्याला दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडते त्याने तिसऱ्या वर्गाकडे वळू नये म्हणून, असे त्याचे प्रतिपादन होते. गाडी तीच, इंजिन तेच, पोहोचण्याची वेळ तीच. भेद मुद्दाम निर्माण केलेला. डोंबिवलीच्या फलाटावर रोज सकाळी पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या डब्यांमधला फरक अनुभवणाऱ्या वाचकाला हे तत्त्व अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

तथापि या भेदात केवळ लबाडीच आहे असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. मोठ्या आस्थापना अधिक पैसे देतात म्हणून घरगुती ग्राहकाला कमी किमतीत तीच प्रणाली मिळते, हा या व्यवहाराचा दुसरा पैलू आहे. सर्वांना एकच किंमत लावली असती तर ती बहुधा विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर गेली असती. म्हणूनच प्रश्न उरतो तो एवढाच की, जे कुलूप उघडण्यासाठी आपण पैसे देणार आहोत त्या खोलीत आपल्या उपयोगाचे काय आहे?

कुलपामागे काय आहे?

‘प्रो’मध्ये जे अधिक आहे त्याची यादी पाहिली तर त्यातील बहुतेक गोष्टी वापरणाऱ्यासाठी नाहीत, व्यवस्थापकासाठी आहेत असे आढळते. अनेक संगणक एका मध्यवर्ती यंत्रणेला जोडून त्यांच्यावर एकाच ठिकाणाहून नियंत्रण ठेवण्याची ‘डोमेन’ची सोय, कोणाला काय उघडता यावे व काय नाही हे ठरवणारी ‘ग्रुप पॉलिसी’, मोठी अद्यतने वर्षभरापर्यंत लांबवण्याचा अधिकार, एका यंत्रात दुसरे आभासी यंत्र चालवण्याची ‘हायपर-व्ही’ ही योजना, या सर्व गोष्टी ज्याच्या अखत्यारीत वीस-पंचवीस संगणक आहेत त्याला मोलाच्या वाटतील. ‘होम’ १२८ जीबीपर्यंत स्मृती वापरू शकते, ‘प्रो’ दोन टीबीपर्यंत. पण ज्या घरात आठ किंवा सोळा जीबीचे यंत्र घेताना विचार करावा लागतो, तिथे या फरकाला अर्थ नाही.

दूरस्थ जोडणीचे उदाहरण तर विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. डोंबिवलीतल्या घरातून फोर्टमधील कचेरीतल्या संगणकावर काम करायचे असेल तर ‘प्रो’ घ्यावेच लागेल, असे छातीठोकपणे सांगितले जाते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ‘रिमोट डेस्कटॉप’च्या व्यवस्थेत ज्या यंत्रात प्रवेश करायचा ते यंत्र ‘प्रो’ असावे लागते. ज्या यंत्रावरून प्रवेश करायचा ते ‘होम’ असले तरी पुरते. म्हणजे ‘प्रो’ची आवश्यकता आहे ती कचेरीच्या टोकाला, कर्मचाऱ्याच्या टोकाला नाही. तरीही पदरमोड होते ती कर्मचाऱ्याचीच.

सर्वसामान्य माणसाच्या हिताशी थेट निगडित असा एकच विषय या यादीत आहे आणि तो म्हणजे चकतीवरील माहितीचे कूटबद्धीकरण. कल्याणहून ठाण्याला जाणाऱ्या गर्दीच्या गाडीत लॅपटॉपची पिशवी हरवली तर यंत्राची किंमत जाते हे खरे, पण त्यात साठवलेली बँकेची कागदपत्रे, विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका आणि आधारपत्रांच्या प्रती परक्याच्या हाती पडणे हे नुकसान अधिक गंभीर असते. ‘प्रो’मध्ये यासाठी ‘बिटलॉकर’ ही संपूर्ण व्यवस्था आहे. तिच्या साह्याने पेनड्राइव्हही कुलूपबंद करता येतो. ‘होम’मध्ये पेनड्राइव्हची ही सोय नाही, परंतु यंत्रातील चकती कूटबद्ध करणारी ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ ही साधी सोय बहुतेक नव्या यंत्रांत असते. २०२४ सालच्या ‘२४एच२’ आवृत्तीपासून नव्या यंत्रात मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की ती बहुधा आपोआप सुरू होते. सुरक्षेची इतकी मूलभूत गोष्ट दोन दर्जांत विभागावी, यावर टीका अवश्य झाली पाहिजे. पण ‘होम’ घेणारा अगदीच उघड्यावर पडतो हेही खरे नाही.

येथे एक धोका मात्र आवर्जून सांगावयास हवा. कूटबद्ध चकती बिघाडानंतर पुन्हा उघडण्यासाठी एक अठ्ठेचाळीस अंकी पुनःप्राप्ती-किल्ली लागते आणि ‘होम’मध्ये ती ज्या खात्याने प्रवेश केला त्या खात्यात साठवली जाते. यंत्र सुरू करून देताना विक्रेत्याने आपल्या सोयीसाठी कोणत्याही पत्त्यावर खाते उघडून दिले आणि ग्राहकाने त्याची नोंद ठेवली नाही, तर पुढे एखाद्या दिवशी यंत्र ती किल्ली मागेल आणि मालकच आपल्या घराबाहेर राहील. तेव्हा खाते स्वतःच्या नावाने, स्वतःच उघडावे, किल्ली कागदावर लिहून घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत ठेवावी आणि अमूल्य माहितीची एक प्रत वेगळ्या चकतीवर घ्यावी. ‘प्रो’साठी खर्च होणाऱ्या रकमेत अशी बाहेरची चकती घेता आली, तर तो विनियोग कितीतरी अधिक शहाणपणाचा ठरेल.

मराठीच्या दृष्टीनेही हा भेद तपासला पाहिजे. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या स्वस्त लॅपटॉपवर बहुधा ‘होम सिंगल लँग्वेज’ ही आवृत्ती असते. तिच्यात पडद्यावरील सूचनांची भाषा एकच राहते, ती बदलता येत नाही. ज्याला यंत्राचे सर्व आदेश मराठीत वाचायचे आहेत त्याची यामुळे अडचण होते. पण मराठी लिहिण्यास तिचा काहीही अडथळा नाही. ‘विंडोज २०००’पासून देवनागरीला युनिकोडचा आधार मिळाला. शासकीय कामकाजात वापरला जाणारा इनस्क्रिप्ट कळफलक सर्व आवृत्त्यांत आहे आणि २०१९ साली आलेला उच्चारानुसारी मराठी कळफलकही सर्वांना सारखाच उपलब्ध आहे. मराठी टंकलेखनासाठी ‘प्रो’ लागते असे कोणी सांगत असेल तर ते निव्वळ अज्ञान होय.

खर्च कोणी सोसायचा?

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष असा की, शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांच्या स्वतःच्या यंत्रासाठी ‘होम’ पुरेसे आहे. शाळेची वेतनप्रणाली किंवा विद्यार्थ्यांच्या नोंदणीची शासकीय संकेतस्थळे ही सारी ब्राउझरमधून चालतात आणि ब्राउझरला आवृत्ती कोणती याच्याशी कर्तव्य नसते. उलट ज्या संस्थेत अनेक यंत्रे आहेत, अनेक हातांनी ती वापरली जातात आणि इतरांची माहिती त्यांत साठवलेली असते, तिथे ‘होम’ घेऊन केलेली बचत ही खोटी बचत ठरते. शाळेची संगणक-प्रयोगशाळा, सनदी लेखापालाची कचेरी, पतपेढी, मोठा शिकवणीवर्ग यांना व्यवस्थापनाची साधने हवीतच. शैक्षणिक संस्थांसाठी तर ‘एज्युकेशन’ ही स्वतंत्र आवृत्ती समूह-परवान्याने मिळते. शाळा-महाविद्यालयांनी दुकानातून सुटी यंत्रे उचलण्याऐवजी तिची चौकशी करणे अगत्याचे आहे.

परंतु गेल्या काही वर्षांत एक नवी परिस्थिती निर्माण झाली आहे आणि ती या परिसराला विशेष लागू पडते. मार्च २०२० मध्ये मुंबईची उपनगरी रेल्वेसेवा थांबली. १५ जून २०२० पासून ती सुरू झाली तीही प्रथम केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. एरवी रोज सकाळी मुंबईकडे लोटणाऱ्या या नगरांतील लाखो कुटुंबांत त्या काळात स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी कचेरी आणि पलंगाच्या कडेला शाळा भरली. संकट ओसरले, गाड्या पूर्ववत भरून वाहू लागल्या, परंतु घरी आलेले काम पूर्णपणे परत गेले नाही. सायंकाळी गाडीतून उतरलेला कर्मचारी जेवणानंतर पुन्हा संगणक उघडतो. शिक्षिका शाळेची माहिती रात्री आपल्याच यंत्रावरून भरते. ज्या आस्थापना एकेकाळी टाचणीपासून टेबलापर्यंत सर्व काही पुरवीत, त्या आता कर्मचाऱ्याजवळ यंत्र, जोडणी आणि वीज आहे असे गृहीत धरतात. ‘आपले यंत्र प्रो असावे’ ही सूचना याच गृहीतकाची पुढची पायरी होय.

या सूचनेमागील तर्क मान्य करता येत नाही. ‘प्रो’ची वैशिष्ट्ये आस्थापनेच्या नियंत्रणासाठी आहेत, तर त्यांचे मोलही आस्थापनेनेच दिले पाहिजे. हा प्रश्न केवळ पैशाचाही नाही. घरचे यंत्र कचेरीच्या मध्यवर्ती व्यवस्थेला जोडले की त्यावर काय चालावे, कोणती अद्यतने केव्हा यावीत, परवलीचा शब्द किती लांब असावा हे कचेरी ठरवू लागते. डोंबिवलीच्या दोन खोल्यांच्या घरात तेच यंत्र सायंकाळी मुलाच्या अभ्यासाला आणि रात्री आईच्या प्रश्नपत्रिकांना लागते. कचेरीचे नियंत्रण मान्य करणे म्हणजे कुटुंबाच्या सामाईक वस्तूवर त्रयस्थाची सत्ता मान्य करणे होय. अशा वेळी कचेरीने स्वतःचे यंत्र द्यावे किंवा कचेरीतल्या यंत्रात दूरस्थ प्रवेशाची सोय करावी, अशी मागणी करण्यात कर्मचाऱ्याने संकोच बाळगण्याचे कारण नाही. यासाठी कर्मचारी आणि शिक्षक संघटनांनी महागाई भत्त्याइतक्याच गांभीर्याने हा विषय हाती घेतला पाहिजे.

कायद्याची दिशाही याला अनुकूल आहे. २०२३ साली संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या त्याच्या नियमांनी, नागरिकांची माहिती सुरक्षित राखण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्या संस्थेवर टाकली आहे. ती टप्प्याटप्प्याने अमलात यायची असली, तरी पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जबाबदारी संस्थेची आणि साधन मात्र कारकुनाच्या पगारातून, ही विसंगती फार काळ टिकणारी नाही आणि टिकू देऊही नये.

या संदर्भात बनावट प्रतींचाही उल्लेख टाळता येत नाही. कवडीमोलाने विकल्या जाणाऱ्या ‘प्रो’च्या किल्ल्यांचे मूळ बहुधा संशयास्पद असते. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील कलम ६३-ब नुसार संगणक-प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर लाभासाठी वा व्यवसायासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळून पन्नास हजारांपर्यंत दंडावर भागवू शकते. यंत्रासोबत मिळालेले अधिकृत ‘होम’ बाजूला सारून कोणा ‘जाणकारा’कडून बनावट ‘प्रो’ बसवून घेणे म्हणजे धड कपडे टाकून चोरीचा कोट अंगावर चढवण्यासारखे आहे.

सरतेशेवटी तिसऱ्या मार्गाचा विचार केलाच पाहिजे. ज्यांचे जुने यंत्र ‘विंडोज ११’ला अपात्र ठरले त्यांनी ते भंगारात काढण्याआधी लिनक्सवर आधारित मुक्त प्रणाली अजमावून पाहावी. तिच्यात ‘होम’ आणि ‘प्रो’ असे वर्णभेद नाहीत, किल्ली नाही आणि किंमतही नाही. केरळमधील शासकीय शाळांनी हा मार्ग फार पूर्वीच स्वीकारला. २०१९ साली तेथील शाळांतील दोन लाखांहून अधिक संगणकांसाठी उबुंटूवर आधारित नवी आवृत्ती तयार करण्यात आली. आपल्या शेजारी पवईला आयआयटीमध्ये ‘फॉसी’ आणि ‘स्पोकन ट्युटोरियल’ हे उपक्रम अशा प्रणालींच्या प्रसारासाठी चालतात आणि त्यांचे पाठ मराठीतही आहेत. हिशेबाची काही पॅकेजे आणि अंकीय स्वाक्षरीची काही साधने अजून विंडोजवरच सुखाने चालतात, ही अडचण खरी आहे. परंतु लेखन, वाचन, अभ्यास आणि संकेतस्थळांवरील काम यांपुरते पाहिले तर ती आड येत नाही. केरळने जे शासनाच्या पुढाकाराने केले ते महाराष्ट्रात, जिथे कल्याण-डोंबिवली महापालिकेने नागरी सेवांच्या संगणकीकरणात एकेकाळी राज्याला वाट दाखवली होती, अशक्य असण्याचे काही कारण नाही.

तोवर ग्राहकाने एवढे ध्यानात ठेवावे. दुकानदाराने ‘होम की प्रो’ असे विचारल्यावर ‘दोहोंत चांगले कोणते’ असा प्रतिप्रश्न करण्यात अर्थ नाही. या यंत्रावर हुकमत कोणाची राहणार, हे प्रथम ठरवावे. ती आपली राहणार असेल तर ‘होम’ पुरे आहे. ती कचेरीची राहणार असेल तर ‘प्रो’ अवश्य घ्यावे, आणि त्याची पावती कचेरीच्या नावाने फाडावी.